आता ‘बास’!

डॅलसमध्ये वीकेण्डला गळ टाकणारा एक मालवणी इंजिनीअर, त्याचा साठ खोट्या माशांचा डबा आणि तो डबा बघून एकच प्रश्न विचारणारे त्याचे बाबा...

‘बास’ या शब्दाला एकच अर्थ आहे, असं माझ्या बायकोचं ठाम मत आहे. दर शनिवारी पहाटे साडेचारला ती तो मला ऐकवते. मी अंधारात मोजे शोधत असतो, हातातला डबा खुळखुळतो आणि पांघरुणाच्या आतून आवाज येतो, ‘बास झालं हां आता!’ मी म्हणतो, ‘अगं, बाससाठीच तर चाललोय.’ हा विनोद मी पहिल्यांदा केला तेव्हा ती हसली होती. त्याला आता बरीच वर्षं झाली.

तर मंडळी, हा बास म्हणजे लार्जमाउथ बास. अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. हिरवट अंग, कुशीवर काळपट पट्टा आणि तोंड असं, की जबडा डोळ्याच्याही मागे जातो. तोंड उघडलं की आपली मूठ आत जाईल. इथे टेक्सासमध्ये या माशाचं जे काही चालतं ते बघून आपल्याकडची क्रिकेटची क्रेझ सौम्य वाटते. लोक पिकअपच्या मागे बोट बांधून ऑफिसला येतात. सोमवारच्या स्टेटस मीटिंगमध्ये आधी वीकेण्डच्या माशांचा रिपोर्ट, मग सर्व्हर का पडला त्याचा. मला या नादाला लावलं ते आमच्या टीम लीडने. पक्का टेक्सन, बोलणं कमी, टोपी जास्त. मी नवीन होतो, वीकेण्डला मॉलमध्ये फिरून कंटाळलो होतो. तो म्हणाला, ‘चल.’ मी गेलो. पहिल्याच दिवशी एक पाऊण किलोचा बास लागला आणि काम तमाम!

आता यात गंमत कुठे आहे माहितीये? मासा पकडण्यात नाही. म्हणजे तीही आहेच. पण खरी गंमत दुकानात आहे.

दुकानात कोण गळाला लागतं?

इथल्या मोठ्या फिशिंग स्टोअरमध्ये एकदा जाऊन बघाच. आपल्याकडे साडीच्या दुकानात गाद्यांवर जशी ढिगांनी वस्त्रं उलगडतात, तशी इथे भिंतच्या भिंत खोट्या आमिषांची. यांना म्हणतात ल्यूअर. खोटे मासे, खोट्या बेडक्या, खोटी गांडुळं, खोटे उंदीरसुद्धा. आणि आमच्या लीडच्या मते सगळ्यात महत्त्वाच्या दोन फौजा: खोटे क्रॉफिश आणि खोटे ‘बेटफिश’, म्हणजे बास ज्यांच्यावर जगतो ते चिल्लर मासे.

क्रॉफिश म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला एका वाक्यात सांगता येतं. गोड्या पाण्यातली बोटभर शेवंड. तशाच मिशा, तशीच कवचाची शेपटी, वर दोन नांग्या. दगडांखाली, गवतात, चिखलात राहते. लुइझियानाची माणसं ती पातेलंभर मसाल्यात उकडून वर्तमानपत्रावर ओततात आणि खातात. बास ती कच्चीच खातो, एवढाच फरक.

मी काय केलं, तर पहिल्या सहा महिन्यांत साठ ल्यूअर घेतले. पाच-सहा डॉलरपासून पंचवीस डॉलरपर्यंतचे. निकष एकच... किती खरा दिसतो! हल्ली फोटोसारखी छपाई करतात त्यावर. खवला न् खवला दिसतो. कल्ल्यांना लाली, डोळ्याला थ्रीडी बुबुळ, क्रॉफिशच्या नांगीवर नखाएवढे ठिपके. मी ते घरी आणून टेबलावर मांडायचो आणि बायकोला दाखवायचो. ती म्हणायची, ‘हे शोकेसमध्ये ठेवू या का?’ टोमणा होता, पण मला तो कॉम्प्लिमेंट वाटायचा.

मासे? यथातथाच. लीड त्याच्या एका कळकट तपकिरी जिगवर मासे ओढायचा. जिग म्हणजे शिशाचं किंवा टंग्स्टनचं डोकं असलेला गळ, त्याला रबरी झिरमिळ्यांचा घागरा आणि मागे प्लॅस्टिकच्या दोन नांग्या. दिसायला म्हणाल तर भांडी घासायची घासणी. शेजारी मी माझा अस्सल दिसणारा, डोळे वटारलेला क्रॉफिश घेऊन कोरडाच. तो एकदा एवढंच म्हणाला, ‘ल्यूअर आधी माणूस पकडतात, मग मासा.’ इथल्या गरवणाऱ्यांचा हा जुनाच टोमणा आहे. मला तेव्हा कळला, पण वळला नाही.

डबा बघून बाबा म्हणाले...

२०२३ च्या जूनमध्ये आई गेली. मी धावत-पळत मालवणला गेलो, तेरावं करून परत आलो. बाबा एकटे राहिले. चौतीस वर्षं एसटीत काढलेला माणूस, त्यांना एकटं राहायची सवय होती असं आम्हाला वाटत होतं. फोनवर ‘बराय’ म्हणायचे. मग शेजारच्या काकूंनी सांगितलं, ‘अरे, तुझो बापूस जेवणच करीत नाय. चाय आणि बिस्कीट.’ नोव्हेंबरमध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं.

परदेशी आलेल्या आईबापांचं काय होतं, ते तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर. बाबा दिवसभर खिडकीपाशी. रस्त्यावर माणूस दिसत नाही, गाड्याच गाड्या. टीव्ही लावून दिला तर तो आवाज बंद करून बघायचे. आईचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मी घ्यायला गेलो की उठून पाणी प्यायला जायचे. घरात आम्ही दोघं पुरुष, आणि आमचं संभाषण म्हणजे ‘जेवलात?’ आणि ‘जेवलंय’.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी डबा साफ करायला काढला. साठच्या साठ ल्यूअर टॉवेलवर ओळीने मांडले. बाबा लांबून बघत होते. मग खुर्ची ओढून जवळ आले. माझे बाबा कोळंबच्या खाडीवर पुलाखाली गरी टाकत मोठे झालेत. गरवणं त्यांच्या हातात आहे, माझ्यासारखं यूट्यूबवरून आलेलं नाही. त्यांनी एकेक उचलून पाहिलं. पंचवीस डॉलरचा जपानी मासा उलटसुलट केला, त्याचे तीन-तीन काट्यांचे गळ बघून हसले. आणि विचारलं, ‘हंयचो मासो खाता काय?’

म्हणजे, इथला मासा खातो काय?

मी म्हटलं, ‘क्रॉफिश, शॅड, ब्लूगिल...’

‘ता नाय. खंयच्या दिवसात काय खाता? केदो खाता?’

कुठल्या दिवसांत काय, आणि केवढं. माझ्याकडे साठ उत्तरं होती आणि हा प्रश्नच मी विचारला नव्हता!

शेवंड उलटी पळते

त्या दिवशी बाबांनी माझी तासभर शाळा घेतली. आणि मी नंतर लीडच्या गप्पांशी, पुस्तकांशी ते ताडून पाहिलं. सगळं जुळत गेलं.

त्यांनी एक प्लॅस्टिकचा क्रॉफिश उचलला. दोर कुठे बांधतोस विचारलं. मी दाखवलं: शेपटीकडून गळ घालायचा, नांग्या मागे राहतात. ते म्हणाले, ‘बरोबर. कोळंबी काय, शेवंड काय, भियाली की उलटी पळता.’ मी थक्क. दोन वर्षं मी पाकिटावरचं चित्र बघून तसा गळ घालत होतो, पण ‘का’ ते कधी डोक्यात आलंच नव्हतं. क्रॉफिश एरवी पुढे चालते, हळूहळू, दगड चाचपत. शत्रू दिसला की शेपटी पोटाखाली आपटते आणि सट्कन मागे जाते. म्हणून बरेचसे चांगले क्रॉफिश ल्यूअर उलटे बनवलेले असतात. रेबेल कंपनीचा एक छोटासा क्रॉफिश इथे फार प्रसिद्ध आहे. त्याला पाण्यात खोल नेणारी जीभ असते ती शेपटीच्या बाजूला आणि नांग्या मागच्या टोकाला. मला तो आधी चुकून उलटा छापलाय असं वाटलं होतं!

‘आणि पळता पळता दमली की?’ बाबांनी स्वतःच उत्तर दिलं. ‘थांबता. नांगी वर करता.’ क्रॉफिश कोपऱ्यात सापडली की दोन्ही नांग्या उभारून लढायला उभी राहते. याच क्षणी बास तिला गिळतो. म्हणून तळावर ल्यूअर थांबला की त्याच्या नांग्या वर उभ्या राहायला हव्यात. काही प्लॅस्टिकं पाण्यात तरंगतात. झेड-मॅनचं आहे, ते हलकं असतं. गळाचं डोकं तळाला टेकलं की नांग्या आपोआप उभ्या. जड, मिठाने भरलेलं प्लॅस्टिक मात्र आडवं पडतं, मेलेल्यासारखं. ते वाईट असं नाही, ते झटकन बुडतं, वेगळ्या कामाचं. पण दुकानात कोण हे विचारतो? मी तर नांग्यांवरचे ठिपके मोजत होतो.

घरी करायची एक सोपी टेस्ट सांगतो. बादलीत, नाही तर बाथटबमध्ये पाणी भरा आणि ल्यूअर सोडून बघा. पडताना नांग्या फडफडतात का, तळाला कसा बसतो, हळू ओढल्यावर काय करतो. आमच्या बाथटबमध्ये त्या रविवारी सोळा क्रॉफिशांचं ऑडिशन झालं. बायकोने फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. पास झाले पाच.

रंगाचं म्हणाल तर दुकानदार तुम्हाला इंद्रधनुष्य विकेल. खऱ्या क्रॉफिशचा रंग बहुतेक वेळा असतो गढूळ हिरवा, नाही तर तपकिरी, नांगीच्या टोकाला नारिंगी झाक. ‘ग्रीन पम्पकिन’ नावाचा जो शेवाळी रंग इथे खोऱ्याने विकला जातो, तो याचसाठी. दिसायला भिकार, चालायला राजा. टेक्सासमध्ये हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल रंगाची चलती असते. गवतावरून खडखडत जाणारे, जीभ नसलेले लाल क्रँकबेट तेव्हा मंडळी दिवसभर फेकतात. क्रॉफिश तेव्हा लालसर दिसते, असं गरवणारे सांगतात. मला तेवढ्यावर विसंबायचं नव्हतं, म्हणून सोपा मार्ग काढला. मासा लागला की सोडण्याआधी त्याच्या घशात टॉर्च मारायची. बऱ्याचदा मिशा बाहेर डोकावत असतात! जेवणाचं मेनू कार्ड तिथेच मिळतं. नाही तर किनाऱ्याचे दगड उलटून बघा. फुकट आहे.

आणि माशाला रंग दिसतो का? दिसतो, पण आपल्यासारखा नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर प्रयोग केले, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. बासच्या डोळ्यांत लाल आणि हिरवा हे दोन रंग टिपणाऱ्या पेशी असतात. हे दोन त्याला छान कळतात. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याची गल्लत होते, निळ्या-काळ्यातही. म्हणजे मी निळ्या चमकीचा आणि काळ्या चमकीचा असे दोन वेगळे घेतले होते, ते माशाच्या दृष्टीने एकच. सहा डॉलर पाण्यात... अक्षरशः!

पेडवो, पण केदो?

आता दुसरी फौज. टेक्सासच्या तलावांमध्ये बासचं रोजचं जेवण म्हणजे शॅड नावाचा मासा. चंदेरी, चपटा, झुंडीने फिरणारा. यातला थ्रेडफिन शॅड सहसा बोटाएवढा, फार तर वीतभर, शेपटीला पिवळसर छटा. दुसरा गिझर्ड शॅड, तो चांगला हातभर वाढतो. थ्रेडफिनला थंडी सोसत नाही. पाणी साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की तो गलितगात्र होतो, मरतोही.

२०२४ च्या जानेवारीत टेक्सासवर आर्क्टिक थंडीची लाट आली होती. डॅलसमध्ये पारा शून्याच्या बराच खाली. बाबा तीन स्वेटर घालून हीटरपाशी. थंडी ओसरली तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा रे रॉबर्ट्स लेकवर घेऊन गेलो. घरापासून तासाभराचं अंतर आणि तिथे स्टेट पार्क आहे. टेक्सासमध्ये स्टेट पार्कच्या किनाऱ्यावरून गरवायला लायसन्स लागत नाही, पाहुण्यांनाही नाही. आईबाबा येणार असतील तर हे लक्षात ठेवा. फक्त गेटवर माणशी प्रवेश फी भरायची.

काठाला थोडे शॅड मरून लागले होते. बाबा वाकले, एक उचलला, वास घेतला, म्हणाले, ‘ह्यो तर पेडवो!’ आणि चूक नव्हते ते. शॅड म्हणजे आपल्या तारली-पेडव्यांच्याच गोतावळ्यातला. मग त्यांनी तो माझ्या पंचवीस डॉलरच्या जर्कबेटशेजारी धरला. माझा मासा दीडपट मोठा! रंगकाम लाजवाब, आकार चुकीचा. ‘ह्या पाण्यात तुझो मासो म्हणजे परको,’ बाबा म्हणाले. सगळी झुंड बोटाएवढी असताना मध्येच एक दांडगा आला तर भुकेला बास त्यावर झडप घालेलही. पण थंड पाण्यातला, सुस्तावलेला बास कशाला त्रास घेईल?

बेटफिश निवडताना माझा क्रम तेव्हापासून ठरला. आधी लांबी, मग खोली, मग चाल, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. लांबी तलावातल्या चिल्लर माशांशी जुळवायची. शरद ऋतूत शॅडची नवी पिल्लावळ असते, तेव्हा लहान. वसंतात मोठा चालतो. खोली म्हणजे बास जिथे आहे तिथे ल्यूअर पोचतो का. चौकोनी जिभेचा क्रँकबेट तीन-पाच फुटांवर चालतो. तो दगडाला आणि बुंध्याला धडकून तिरका उसळला पाहिजे, तिथेच मासा मारतो. तो अडकेल म्हणून जपून टाकाल तर घरीच ठेवा! आणि पाणी गढूळ असेल तर सगळी फोटो छपाई वाया. तिथे आवाज आणि हादरा चालतो, कारण बासला कुशीवरच्या रेषेतून पाण्याची थरथर कळते. पारदर्शक रंगाचा नाजूक शॅड ठेवायचा तो स्वच्छ पाण्यासाठी.

राहिली चाल. ही गोष्ट सांगायलाच हवी. १९३६ मध्ये फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाचा एक गरीब मच्छीमार होता. बोटीत बसून तो बघायचा, की मोठा मासा झुंडीतला नेमका कुठला मासा उचलतो? जो किंचित लंगडतोय, तोल जाऊन झुलतोय तो. त्याने चांभाराच्या सुरीने बुचाच्या लाकडातून मासा कोरला, चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी चिकटवली, वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचं वॉर्निश लावलं. तो मासा पाण्यात लंगडायचा. १९६२ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने त्यावर लेख छापला. तो नेमका मेरिलिन मन्रोच्या मृत्यूचा अंक होता, खप प्रचंड, आणि रापालाकडे मागण्यांचा पूर आला. आज तो जगातला बडा ब्रँड आहे. त्या पहिल्या माशाला थ्रीडी बुबुळ नव्हतं, हे इथे नमूद करतो.

थंड पाण्यात हे लंगडणंही नको असतं. पाणी १० अंशांच्या आसपास असताना जर्कबेट दोन झटके देऊन थांबवायचा. जिथल्या तिथे तरंगत ठेवायचा. दहा सेकंद. वीस सेकंद. ऑफिसात स्लाइड लोड व्हायला पाच सेकंद लागले तर आपण माऊस आपटतो, आणि इथे वीस सेकंद काहीच करायचं नाही! मी चार मोजले की हात शिवशिवायचा. बाबा शेजारी बसून म्हणायचे, ‘रव. मरताहा तो. मरणाऱ्याक घाय नसता.’ हे म्हणून ते एकदम गप्प झाले. मी पण.

त्या दिवशी काही लागलं नाही. पण गाडीत त्यांनी स्वतःहून विचारलं, ‘परत कधी?’

मगे खाल्लान की नाय?

मग शनिवारी पहाटे घरातून दोघंजण जायला लागले. बायकोचं ‘बास’ बंद झालं. तिने डब्यात दोघांसाठी घावणे द्यायला सुरुवात केली.

बाबांना एकच गोष्ट पटत नव्हती. पकडायचा आणि सोडून द्यायचा! ‘मगे पकडलंस कित्याक?’ मी त्यांना इथल्या दंतकथा ऐकवायचो. जॉर्ज पेरीची त्यांना सगळ्यात आवडली. जॉर्जियातला वीस वर्षांचा शेतकरी, मंदीचे दिवस, २ जून १९३२. पाऊस झाला म्हणून शेतात नांगर चालेना, म्हणून गेला गरवायला. मित्र आणि तो मिळून. क्रीक चब कंपनीच्या खोट्या माशावर त्याला २२ पौंड ४ औंसांचा बास लागला, म्हणजे १० किलोच्या वर. जागतिक विक्रम!

‘मगे खाल्लान की नाय?’ बाबांचा पहिला प्रश्न.

खाल्ला! घरी नेऊन कुटुंबाने खाल्ला. बाबा मांडीवर थाप मारून हसले. जूननंतर पहिल्यांदा.

त्या विक्रमाची बरोबरी व्हायला ७७ वर्षं लागली. २००९ मध्ये जपानमधल्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी तेवढाच मासा पकडला, जिवंत ब्लूगिलवर. आणि टेक्सासचा विक्रम १८.१८ पौंडांचा, १९९२ मध्ये लेक फोर्कमधला. तो पकडणारा माणूस गेला होता भलताच मासा पकडायला, क्रॅपी नावाचा, साधी जिवंत मासळी लावून. माझ्या साठ ल्यूअरवर याहून जोरदार चपराक नाही.

मार्चचा पहिला आठवडा. पाणी तापायला लागलं होतं, १४-१५ अंश असेल. या दिवसांत बासच्या माद्या अंडी घालण्याआधी उथळ पाण्याकडे सरकतात आणि दगडांवर क्रॉफिश शोधतात. बाबांच्या हातात माझा रॉड. त्यांनी साठातून निवडला होता एक तपकिरी जिग, मागे शेवाळी नांग्या. नांग्यांच्या टोकांना त्यांनी माझ्या मार्करने नारिंगी रंग फासला होता, कारण आदल्या शनिवारी एका माशाच्या घशात तसल्याच नांग्या बघितल्या होत्या. लीडचीच घासणी, थोडक्यात.

ते जिग ओढत नव्हते. दगडावरून हळूच सरकवायचे, थांबायचे. सरकवायचे, थांबायचे. मी तेवढ्यात तीनदा ल्यूअर बदलले. मग ते म्हणाले, ‘आसा.’ एवढंच. आणि रॉड वाकला.

पाच मिनिटं लागली असतील. त्यांच्या पंज्यात अलीकडे जोर राहिला नाही, थरथरतो. मी हात पुढे केला तर कोपराने ढकलला. शेवटी मीच गुडघाभर पाण्यात जाऊन मादीला जबड्याने उचललं. अडीच किलोच्या खाली नसेल. पोट टम्म. माझ्या बासांपैकी एकही तिच्या जवळपास येत नव्हता, हे कबूल करून टाकतो.

मी म्हटलं, ‘बाबा, ही न्यायची घरी? फ्राय?’ नियमात बसत होती. आणि मला खरंच वाटत होतं, की त्यांनी ताटभर जेवावं.

त्यांनी तिच्या पोटावर बोट फिरवलं. ‘गाबोळी हा,’ म्हणाले. गाबोळी म्हणजे माशाची अंडी, आमच्याकडचा जीव की प्राण. आई ती हळद-तिखट लावून तव्यावर करायची, आणि तुकडा कोणाच्या ताटात जातो यावरून घरात महाभारत व्हायचं.

‘तुझी आवस असती तर सोडूक दिली नसती,’ बाबा म्हणाले. आईचा उल्लेख. कित्येक महिने मी ज्याची वाट बघत होतो तो असा, बर्फगार पाण्यात उभा असताना, हातात मासा धरून. मला काय बोलावं सुचेना. म्हटलं, ‘मग?’

‘मगे काय? ती नाय. सोड तेका.’

मी सोडली. ती क्षणभर पायाशी थांबली आणि गेली. बाबा दगडावर बसले आणि त्यांनी आईच्या गाबोळीची रेसिपी सांगायला घेतली, मग तिच्या माहेरची, मग ती पहिल्यांदा खाडीवर त्यांच्याबरोबर आली होती त्या दिवसाची. त्या दिवशी नंतर आम्ही एकही गळ टाकला नाही. उन्हं डोक्यावर आली तेव्हा घावणे खाल्ले. त्यांनी चार खाल्ले. मी मोजले.

पार्सल

एप्रिलच्या शेवटी ते परत गेले. मी ‘अजून राहा’ म्हणून बघितलं, मुदतवाढीचा अर्ज करू म्हटलं. ते म्हणाले, माशाक आपला पाणी बरा. बॅगेत चकल्यांच्या रिकाम्या डब्यात दोन जिग आणि क्रॉफिशचं एक पाकीट घेऊन गेले.

मे महिन्यात फोन आला. पुलाखाली तीन दिवस टाकून पाहिला, काही नाही. आजूबाजूचे पोरगे हसतात म्हणे. पण आवाज खणखणीत होता आणि मागून कोणीतरी ‘जेवान थंड होताहा’ म्हणून ओरडत होतं. शेजारच्या काकूंनी बहुतेक त्यांना डबा लावलाय.

‘रंग चुकलो रे,’ बाबा म्हणाले. ‘थंयचो रंग हंय चलाचो नाय. हंयची कोळंबी पांढरी. आणि वायच बारीक व्हयी.’ दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. वर्तमानपत्रावर ठेवलेली एक जिवंत कोळंबी, शेजारी मापाला आगपेटी.

शनिवारी मी तो फोटो घेऊन दुकानात गेलो. त्या भिंतीसमोर उभा राहून अर्धा तास एकेक पाकीट आगपेटीच्या मापाला लावत होतो. सेल्समन आला, म्हणाला, ‘सर, कुठल्या लेकसाठी हवंय?’